भिवंडीचा यंत्रमाग उद्योग व सामाजिक धोरण
विकसनशील देशांत आजारविमा, भविष्यनिर्वाह निधी, कामाचे तास यांविषयीचे कायदे प्रथम संघटित कामगारांपुरते होतात व बहुसंख्य श्रमिक त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. जर्मनीने १८८३ मध्ये सुरू केलेल्या आजारविम्यात मालक निश्चित व नोकरी कायम, असे गृहीत होते. हे गृहीत किती फसवे ठरते, ते ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहरात दिसते.

१८५७ च्या उठावानंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग चालविले. विसाव्या शतकात वीज आल्यावर यंत्रमाग वाढले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही येथे आले. पुढे तेलंगण, उत्तर प्रदेश व बिहारमधील मजुरांची त्यात भर पडली.

कारखाना अधिनियम, १९४८ अन्वये विजेवर चालणाऱ्या कारखान्यास कायदा लागू होण्यासाठी किमान दहा कामगारांची अट होती. त्यामुळे एकाच छपराखालील माग भाऊ, पत्नी, मुलगा यांच्या नावांवर विभागले जात. यास केवळ मालकांची लबाडी म्हणणे अपुरे ठरेल. उत्पादन शुल्कातील सवलतीही लहान मागधारकांसाठीच असल्याने लहान राहण्यातच शासनाने फायदा ठेवला होता. शिवाय अनेक मागधारक स्वतः मजुरीवर विणणारे : सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच. मग मजुराचा मालक कोणास समजावे? किमान वेतनाचा कायदा या धंद्यास लागू होता. परंतु मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळत असल्याने बारा तासांची पाळी हिशेबात दिसतच नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सु. अडीच लाख गिरणी कामगारांनी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला, तेव्हा गिरण्यांचे बरेचसे काम भिवंडीसारख्या केंद्रांकडे वळले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरण्या व यंत्रमाग यांना स्पर्धेत समान लेखले. संरक्षित कामगाराचे काम असंरक्षित कामगाराकडे गेले. संरक्षण मात्र त्यामागोमाग गेले नाही.

भिवंडीतील राजकारण मजुरीपेक्षा वीजदराभोवतीच अधिक फिरले. राज्य शासनाने यंत्रमागांना सवलतीचा दर दिला आणि २००७ मध्ये वीजवितरण खाजगी कंपनीकडे सोपविल्यावर देयकांवरून वाद झाले. मागधारक येथला मतदार. उलट, मजुराचे मत व शिधापत्रिका बहुधा गावाकडे असत, आणि शहरात तो बिस्सीत, म्हणजे मजुरांच्या खानावळीत, जेवी. १९७० व १९८४ मधील जातीय दंगलींनी श्रमिकांमधील दरीही रुंदावली.

असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा अधिनियम २००८ मध्ये झाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने माग थांबले, तेव्हा मजुरीही थांबली. अनेक मजूर मिळेल त्या वाहनाने व पायी गावाकडे निघाले. मे महिन्याच्या आरंभी भिवंडीहून गोरखपूरकडे श्रमिकांसाठी खास रेल्वेगाडी सोडण्यात आली.