नख न लागणारी भिंत

रोह्याहून साळावच्या पुलाकडे निघालं की कुंडलिकेच्या कडेने वाड्या लागतात. त्यातल्या काही माडांच्या कमरेला पत्रा गुंडाळलेला दिसतो. डोक्याच्या वर, हातभर रुंद. नवखा माणूस विचारतो, झाडावर खूण केली आहे का? खूण नव्हे, उंदराची वाट अडवली आहे. उंदीर वर चढून कोवळी फळं पोखरतो आणि सकाळी बुंध्याशी त्यांचा सडा पडलेला असतो. मांजर आणि पिंजरा दोघांनी हात टेकले की पत्रा येतो, कारण पत्र्यात नख रुतत नाही.

जवळ जाऊन पाहिलं की सगळं लक्षात येतं. पत्र्याखालचं खोड खरखरीत, गळलेल्या झावळ्यांच्या वळ्या-वळ्यांचं. त्यात नारळ पाडायला चढणाऱ्याने पाय ठेवण्यासाठी कोयत्याने घातलेल्या खाचा. माणसाचा हा जिना उंदराला आयताच मिळतो. म्हणून पत्रा ठोकताना त्याखाली खाच येणार नाही हे पाहायचं आणि कड खोडाला घट्ट बसवायची. बोटभर फट राहिली तरी उंदीर पत्र्याच्या आतून वर जातो.

प्राणिसंग्रहालयात बिबळ्या, अस्वल किंवा माकडांसाठी भिंत बांधणारा अभियंता याच प्रश्नाशी झगडतो. भिंत किती उंच, हे तो नंतर ठरवतो. आधी पाहतो ते नख. या विचाराचं कुळ शोधायला रायगड जिल्ह्यातल्या माणसाला लांब जावं लागत नाही.

रोह्याच्या डोक्यावर अवचितगड उभा आहे. किल्ले बांधणाऱ्यांनी भिंत रचण्याआधी डोंगर तासला. जिथे कडा मुळातच सरळ होता तिथे त्याला हात लावला नाही. जिथे तो टेकायला, पाय रोवायला जागा देत होता तिथे छिन्नी चालवली. ‘तासणे’ हे क्रियापद सुताराचं तसंच पाथरवटाचंही. तासलेला कडा म्हणजे आधार काढून घेतलेला डोंगर. वर तटाला लागलेला दगड त्यातूनच निघायचा, त्यामुळे एका कामात दोन कामं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्याशेजारी दुसरा डोंगर असू नये, असलाच तर सुरुंग लावून फोडावा, असं बजावलं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर पिंजऱ्याच्या भिंतीजवळ झाड ठेवू नका.

याच जिल्ह्यातल्या रायगडची हिरकणी आपण आईच्या मायेची गोष्ट म्हणून ऐकतो. दूध घालायला आलेली गवळण, बंद झालेला दरवाजा, घरी तान्हं मूल आणि रात्री कडा उतरून गेलेली बाई. गोष्ट इतिहासात किती बसते यावर वाद घालावा. मला तिच्यातला शेवट आवडतो. महाराजांनी तिचं कौतुक केलं आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधला. म्हणजे कडा अभेद्य आहे असं सगळ्या गडाला वाटत होतं, आणि एका बाईने फुकटात तपासणी करून दिली. प्राणिसंग्रहालयांतही बरेच नियम असेच जन्माला आले आहेत: कुणीतरी चढून गेलं, मग तिथे काहीतरी बांधलं.

हिरकणीची जोडीदार म्हणजे घोरपड. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजीने कोंढाण्याचा कडा यशवंती नावाच्या घोरपडीच्या आधाराने चढल्याचं पोवाडे सांगतात. घोरपडे घराण्याच्या नावामागेही बहामनी काळातली अशीच कथा आहे. तिथे किल्ला खेळणा, म्हणजे विशाळगड. एका घोरपडीने दोराला लटकलेला मावळा पेलला असेल, असं मला वाटत नाही. पण कथेतली निरीक्षणं पक्की आहेत. घोरपड फटीत नखं रोवून बसली की तिला ओढून काढणं कठीण. फट नसेल तर तीही घसरते. दंतकथेने प्राणी बरोबर निवडला, वजनाचा हिशेब तेवढा सोडून दिला.

जनावर आत ठेवायची वेळ आली तेव्हा मात्र हे शहाणपण कुणाला आठवलं नाही. सवाई माधवरावांच्या काळी पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता; तिथे वाघ-सिंहांना साखळदंड. भायखळ्याची राणीची बाग 1862 साली उघडली आणि पुढे तिथे प्राणी आले ते गजांमागे. साखळी आणि गज दोन्ही चढण्याचा प्रश्न सोडवत नाहीत, तो टाळतात: जनावराला जागाच इतकी कमी द्यायची की चढून जायला वरही काही नसावं.

गज काढायचं धाडस कार्ल हागेनबेक या हॅम्बुर्गच्या प्राणिव्यापाऱ्याने केलं. 1896 मध्ये त्याने आपल्या रचनेचं पेटंट घेतलं आणि 1907 मध्ये स्टेलिंगेनला उद्यान उघडलं. प्रत्येक जनावर किती लांब आणि किती उंच उडी घेतं हे पाहून त्याने खंदकांची मापं ठरवली. लोकांना सिंह आणि आपल्यामध्ये काहीच दिसेना. ‘खंदक’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, त्याच्या मुळाशी ‘खणलेलं’ हाच अर्थ, आणि किल्ल्यातल्या माणसाला तो नवा नव्हता. फक्त किल्ल्याचा खंदक बाहेरच्याला आत येऊ देत नाही. हा आतल्याला बाहेर. पुण्याच्या पेशवे पार्कातून प्राणी कात्रजला गेले तेव्हा तिथे खंदकांची मोकळी आवारं मिळाली. राणीच्या बागेतही आता काचा आल्या आहेत. जाड, थरांची काच म्हणजे माडावरच्या पत्र्याची श्रीमंत चुलत बहीण.

पण खंदक सगळ्यांना चालत नाही. खंदकात पाणी भरलं तरी बऱ्याच माकडांना ते अडवत नाही, ती पोहून जातात. बिबळ्याला जाळी म्हणजे शिडी: सैल विणीच्या प्रत्येक भोकात पंजा बसतो. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची राखीव जागा असलेल्या फणसाडच्या जंगलात, मुरूड-रोह्याच्या हद्दीत, तो सरळ खोडावर चढतो. त्याच्यासाठी जाळीची भोकं लहान, वीण पक्की, वरचं टोक आतल्या बाजूला झुकलेलं, त्याखाली गुळगुळीत पत्रा किंवा झटक्याची तार. आणि कोपरे गोल. काटकोनात दोन भिंतींवर पाय टेकत वर जाता येतं, हे विहिरीत उतरलेल्या कुठल्याही पोराला विचारा.

सगळ्यात फसवं काँक्रीट. नवं असताना ते घोटलेलं, चकचकीत. कोकणातले चार पावसाळे गेले की गिलाव्याला पोपडे येतात, खडी उघडी पडते, शेवाळ धरतं, आणि एखाद्या चिरेत पिंपळ. पिंपळाचं मूळ म्हणजे आयता दोर. खारा वारा लोखंड खातो ते वेगळंच. जस्त चढवलेली जाळीही खाडीजवळ फार दिवस टिकत नाही.

गुळगुळीतपणाची खरी जाण मला पेणमध्ये दिसली. गणपतीच्या कारखान्यात साच्यातून निघालेल्या मूर्तीवर कारागीर पॉलिश पेपर फिरवतो, मग डोळ्यांवर विसंबून न राहता अंगठा फिरवतो. अंगठा अडला की पुन्हा कागद. आत काथ्या, वर प्लास्टर; प्राणिसंग्रहालयातले खोटे खडकही असेच, आत जाळी आणि वर सिमेंट. फरक एवढाच की मूर्तीला दीड दिवस नाहीतर दहा दिवस पुरतात आणि त्या भिंतीला अस्वलाच्या नखाखाली वर्षानुवर्षं उभं राहायचं. तिथे अंगठा दर पावसाळ्यानंतर फिरवायला हवा.

परत येताना पुन्हा वाडी. पत्रा नवा, खिळे चकचकीत, खाली एकही फळ पडलेलं नाही. वर पाहिलं तर शेजारच्या माडाची एक झावळी या माडाच्या शेंड्यावर आरामात टेकलेली, आणि त्या शेजाऱ्याला पत्रा नव्हता.