बनारसच्या भिंतीवरचा फळा

अकरावी-बारावीच्या गणितात अडलेल्या विद्यार्थ्याला मदत कोणी करावी आणि किती करावी, हा प्रश्न कोचिंग क्लासच्या काळात जन्मलेला नाही. त्याचे एक बोलके उदाहरण बनारसमधील एका मराठी घरात सापडते. आजचा धागा त्या घरातील फळ्याविषयी.

कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजला रँग्लर झाले आणि १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. मुले दोन, जयंत आणि अनंत. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि वडिलांच्या कपाटात इंग्रजी पुस्तके, अशा तीन भाषांत ही मुले वाढली. मुलांना हवे ते खरडता यावे म्हणून वडिलांनी घराच्या भिंतीवर फळे करून घेतले होते.

याच घरी सुमतीबाईंचे बंधू मोरेश्वर हुजूरबाजार गणितात एम.एस्सी. करण्यासाठी येऊन राहिले. मुलांचे ते मोरूमामा. भाच्याला गणिताची गोडी आहे हे हेरून त्यांनी त्या फळ्याचा वेगळाच उपयोग सुरू केला. एक दिवस फळ्यावर एक अवघड उदाहरण लिहिलेले दिसले. वर मथळा होता, ‘जे. व्ही. एन.’ साठी हे आव्हान आहे, अशा आशयाचा. जे. व्ही. एन. म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, वय शाळकरी.

या खेळाचा नियम साधा होता. उदाहरण सुटेपर्यंत, किंवा भाच्याने हार मान्य करेपर्यंत, ते फळ्यावरून पुसले जात नसे. येता-जाता ते डोळ्यांसमोर राही. ही उदाहरणे शालेय पाठ्यपुस्तकाबाहेरची असत. त्यामुळे कोणते सूत्र लावायचे हे प्रकरणाच्या नावावरून ओळखण्याची सोय नव्हती. नारळीकरांनी ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात हा फळा आणि हे मामा मोठ्या कृतज्ञतेने आठवले आहेत. त्याच पुस्तकाला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

या मदतीचे वेगळेपण कळण्यासाठी त्या काळी इतरांना काय उपलब्ध होते ते पाहावे लागते. आजच्या अकरावी-बारावीचे गणित तेव्हा ‘इंटर’च्या वर्गात, म्हणजे महाविद्यालयात शिकवले जाई. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय १८८३ साली आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ साली निघाले. परंतु नागपूरला स्वतःचे विद्यापीठ १९२३ साली मिळाले. तोवर परीक्षा आधी कलकत्त्याच्या आणि नंतर अलाहाबादच्या विद्यापीठाची. हिंदुस्थानभर बीजगणितासाठी हॉल आणि नाइट, त्रिकोणमितीसाठी लोनी, ही नावे पिढ्यान् पिढ्या चालली. हॉल-नाइट यांचे ‘हायर अल्जिब्रा’ १८८७ चे; त्यातील उदाहरणे सोडवून दाखवणारे पुस्तकही याच लेखकद्वयाने लवकरच काढले. ‘गाईड’ वापरल्याबद्दल मुलांना बोल लावणाऱ्यांनी ही वंशावळ ध्यानात ठेवावी.

खुद्द केंब्रिजची कथा याहून निराळी नाही. एकोणिसाव्या शतकात तेथील ट्रायपॉस परीक्षेत वर येण्यासाठी विद्यार्थी पैसे देऊन खासगी शिक्षक गाठत. एडवर्ड राउथ या एका शिक्षकाच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. कोटा शहराने नवे काही शोधले, असे म्हणणे म्हणूनच धाडसाचे ठरेल. १८९९ साली मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पहिले भारतीय सीनियर रँग्लर झाले, ते याच कठोर चौकटीत. साठ वर्षांनी, १९५९ साली, जयंत नारळीकरांनी केंब्रिजला हाच मान मिळवला.

उत्तराचे पुस्तक उत्तर देते, खासगी शिक्षक पद्धत देतो. मोरूमामांनी यांपैकी काहीच दिले नाही. त्यांनी प्रश्न दिला, मुदत अमर्याद ठेवली आणि हे तुला जमेल असा विश्वास न बोलता दाखवला. मात्र या कथेचा गौरव करताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. असा फळा लाभायला वडील गणिताचे प्राध्यापक आणि मामा गणिताचे पदव्युत्तर विद्यार्थी असावे लागतात. दुसरे मामा वसंत हुजूरबाजार हेदेखील पुढे नामवंत संख्याशास्त्रज्ञ झाले. त्याच सुमारास ग्वाल्हेरमध्ये वाढणारे श्रीराम अभ्यंकर यांचेही वडील गणिताचेच प्राध्यापक होते. ज्याच्या घरी शेती आहे किंवा गिरणीतील पाळी आहे, त्या मुलासाठी हा फळा कोणी लिहायचा?

अभ्यंकरांनी अमेरिकेत कीर्ती मिळवल्यावर १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. तेथे पुढे शाळकरी मुलांसाठी ऑलिंपियाडचे मार्गदर्शनही सुरू झाले. भारत आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये प्रथम उतरला १९८९ साली, आणि १९९६ साली ही स्पर्धा मुंबईतच भरली. या परीक्षेत दोन दिवस, रोज साडेचार तास आणि रोज तीनच प्रश्न असतात. एका प्रश्नाला सरासरी दीड तास! मिनिटामिनिटाला पर्याय टिपण्याची सवय झालेल्या मुलाला हे विचित्र वाटते. मोरूमामांच्या भाच्याला घाईचेच वाटले असते.

दुसऱ्या टोकाचे काम नारळीकरांच्याच घरात झाले. मंगला नारळीकर (१९४३-२०२३) स्वतः अंकशास्त्रातील संशोधक, पण ‘गणिताच्या सोप्या वाटा’ हे पुस्तक त्यांनी लिहिले ते गणिताची धास्ती घेतलेल्या मुलांसाठी. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. जोडाक्षरांच्या आणि उलट्या क्रमाच्या संख्यानामांत लहान मूल अडखळते, हे त्यांचे साधे म्हणणे होते.

आणि जयंतराव? व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करत, तेव्हा ते वहीवर सही देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, असे सांगत. उत्तर पोस्टाने येई, आणि सही त्या उत्तराखाली असे.