कुत्र्याला सोबत न्यायचं का? लांबच्या वाटेवरचा एक जुना प्रश्न

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा मजकूर. रेकॉर्डिंगच्या वेळी राहून गेलेल्या एक-दोन गोष्टीही यात घातल्यात.

थंडी सुरू झाली की ट्रेकिंगच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: "आमच्या कुत्र्याला आणलं तर चालेल का?" मग दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "आण ना, मजा येईल." दुसरी म्हणते, "अजिबात नको." दोन्हीकडचे लोक माणसांच्या सोयी-गैरसोयीबद्दलच बोलत असतात. कुत्र्याचं काय, हे फारसं कुणी विचारत नाही.

गंमत म्हणजे हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीही लोकांना पडला होता, आणि काहींनी आपलं उत्तर डायरीत लिहूनही ठेवलंय. त्यातले तीन जण आज बघू. तिघांनीही कुत्रा नेला, पण तिघांची कारणं वेगळी, आणि कुत्र्यांच्या वाट्याला आलेला शेवटही वेगळा.

पहिला: सोबती म्हणून

साल १८०३. अमेरिकेचा अध्यक्ष थॉमस जेफरसन याने मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांच्यावर एक मोहीम सोपवली होती. मिसूरी नदीने वर जायचं, रॉकी पर्वत ओलांडायचा, पॅसिफिक महासागर गाठायचा आणि परत यायचं. निघण्याआधी लुईसने २० डॉलर मोजून न्यूफाउंडलंड जातीचा एक मोठा काळा कुत्रा घेतला. त्या काळात ही रक्कम किरकोळ नव्हती.

कुत्र्याचं नाव सीमन. या नावाचाही एक किस्सा आहे. लुईस-क्लार्कच्या डायऱ्यांचं हस्ताक्षर असं की अभ्यासक कित्येक वर्षं ते 'स्कॅनन' असं वाचत होते. १९८०च्या दशकात डोनाल्ड जॅक्सन या इतिहासकाराचं लक्ष नकाशावरच्या 'सीमन्स क्रीक' या ओढ्याकडे गेलं आणि मग उलगडा झाला, की ओढ्याला कुत्र्याचं नाव दिलंय! आम्ही कोडर लोक ज्याला डेटा क्लीनिंग म्हणतो, ते इतिहासात असं चालतं.

तर या सीमनने काय काय केलं? नदी पोहून ओलांडणाऱ्या खारी पकडून आणल्या. मे १८०५ मध्ये एका रात्री एक रानरेडा थेट झोपलेल्या माणसांच्या अंगावर यायला निघाला होता, त्याची दिशा या कुत्र्यामुळे बदलली. एका शॉनी माणसाने त्याच्या बदल्यात बीव्हरची तीन कातडी देऊ केली होती, पण लुईसने नकार दिला.

आता दुसरी बाजू. त्याच मे महिन्यात एका जखमी बीव्हरने सीमनच्या मागच्या पायाला कडकडून चावा घेतला आणि धमनी फाटली. रक्त थांबेना. कुत्रा वाचत नाही, असंच लुईसला वाटलं होतं. पुढे कुसळांनी त्याचं अंग टोचून काढलं. जुलै १८०६ मध्ये डास इतके होते की लुईस लिहितो, कुत्रा यातनेने ओरडतो आहे. डायरीतला सीमनचा हा शेवटचा उल्लेख. त्यानंतर तो कुठे गेला, कधी मेला, याबद्दल डायरीत एक ओळही नाही.

याच माणसाने एप्रिल १८०६ मध्ये कोलंबिया नदीकाठी सीमन चोरीला गेल्यावर तीन माणसं पाठवली होती. हुकूम काय, तर कुत्रा द्यायला जरा जरी खळखळ केली तर गोळ्या घाला! चोरांनी कुत्रा सोडला आणि पळ काढला, म्हणून रक्त सांडलं नाही.

आणि हे सगळं चालू असताना हीच मोहीम वाटेतल्या आदिवासींकडून डझनावारी कुत्रे विकत घेऊन खात होती. लुईसला ते मांस आवडायला लागलं होतं, क्लार्कला शेवटपर्यंत रुचलं नाही. एका कुत्र्यासाठी माणसं मारायची तयारी, बाकीचे ताटात. जो आपला, तो वेगळा. या विषयातली ही पहिली अवघड गोष्ट.

दुसरा: हिशेब म्हणून

रोआल्ड अमुंडसेन. नॉर्वेचा. १९०३ ते १९०६ मध्ये वायव्य मार्गाच्या सफरीत तो नेत्सिलिक इनुइट लोकांच्या शेजारी राहिला. बर्फात अंगात काय घालायचं, कुत्र्यांची घसरगाडी कशी हाकायची, हे त्यांच्याकडून शिकला. १९१० मध्ये 'फ्राम' जहाजावर त्याने ९७ ग्रीनलंड कुत्रे चढवले. अंटार्क्टिकात पोचेपर्यंत पिल्लं होऊन आकडा शंभरच्या पुढे गेला होता.

ऑक्टोबर १९११ मध्ये दक्षिण ध्रुवाकडे निघाली ५ माणसं, ४ गाड्या आणि ५२ कुत्रे. कोणत्या टप्प्यापर्यंत किती कुत्रे ओढायला लागतील, आणि त्यानंतर किती कुत्रे मारून बाकीच्यांना आणि माणसांना खायला घालायचे, हा हिशेब आधीच मांडलेला होता. एका कुत्र्यामागे खाण्याजोगं मांस किती, हेही त्याने काढून ठेवलं होतं. म्हणजे कुत्रा हे इंजिन आणि कुत्रा हेच इंधन.

ॲक्सेल हायबर्ग हिमनदी चढून वर आल्यावर ठरल्याप्रमाणे २४ कुत्र्यांना गोळ्या घातल्या. प्रत्येकाने आपापले कुत्रे आपणच मारायचे, असं ठरलं होतं. त्या जागेला त्यांनी नावच दिलं 'खाटीकखाना'. अमुंडसेन स्वतः तंबूत स्वयंपाकाला बसला होता. त्याने पुढे लिहिलंय की गोळ्यांचा आवाज कानावर येऊ नये म्हणून तो स्टोव्हला जोरजोरात पंप मारत होता.

मला या माणसाबद्दल वाचताना सगळ्यात जास्त हेच लक्षात राहिलं. हिशेब चोख होता, पण स्टोव्हला पंप मारावा लागला.

१४ डिसेंबर १९११ ला ते ध्रुवावर पोचले. २५ जानेवारी १९१२ ला पाचही माणसं सुखरूप तळावर परतली. ५२ पैकी कुत्रे परतले ११.

दुसरीकडे ब्रिटिश कॅप्टन रॉबर्ट स्कॉट. त्याने १९०२-०३च्या आधीच्या मोहिमेत १९ कुत्रे नेले होते. त्यांचं खाणं प्रवासात खराब झालं, आणि १९ पैकी एकही जगला नाही. तो अनुभव त्याच्या मनात घर करून राहिला. १९११ मध्ये त्याने तट्टं, मोटरगाड्या आणि कुत्रे असं सगळंच थोडं थोडं नेलं. पण कुत्रे बिअर्डमोर हिमनदीच्या खालच्या टप्प्यावरून परत पाठवले आणि पुढे माणसांनीच गाड्या ओढल्या. ध्रुवावर पोचलेले पाचही जण परतीच्या वाटेवर गेले. त्याला कारणं अनेक होती. सगळं खापर कुत्र्यांच्या प्रश्नावर फोडता येणार नाही. पण इतकं म्हणता येईल की अमुंडसेनने निर्दय का होईना, एक स्पष्ट उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं.

तिसरा: डोळे म्हणून

आता १९९० मध्ये येऊ. अमेरिकेतली ॲपलेशियन ट्रेल ही सुमारे ३,५०० किलोमीटरची पायवाट जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत १४ राज्यांतून जाते. बिल अर्विन या अंध माणसाने ती पूर्ण चालायचं ठरवलं. सोबत फक्त ओरिएंट, त्याचा जर्मन शेफर्ड मार्गदर्शक कुत्रा.

अशा कुत्र्यांना शिकवतात ते फुटपाथ, जिना, रस्ता ओलांडणं. दगडधोंडे, ओढे आणि मुळांनी भरलेला डोंगर हा त्यांच्या अभ्यासक्रमात नसतो. अर्विन वाटेत हजारो वेळा पडला. मार्चमध्ये निघालेली ही जोडी नोव्हेंबरमध्ये, बर्फ पडायला लागल्यावर, कटाडिनला पोचली. ही पूर्ण वाट एका दमात चालणारा अर्विन हा पहिला अंध माणूस.

इथे "कुत्रा नेऊ का?" असा प्रश्नच नव्हता. कुत्र्याशिवाय मोहीमच नव्हती. पण लक्षात घ्या, ओरिएंटलाही कुणी विचारलं नव्हतं.

नियम काय सांगतात

आज त्याच ट्रेलवर हौसेने कुत्रा घेऊन निघालात तर तीन जागी अडाल: ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान, न्यूयॉर्कजवळच्या बेअर माउंटनमधलं प्राणिसंग्रहालय आणि शेवटचं बॅक्स्टर स्टेट पार्क. नेमकं कटाडिन बॅक्स्टरमध्येच आहे, म्हणजे शेवटचं शिखरच कुत्र्याला बंद. (अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्यांना सूट आहे.) एकट्या स्मोकीमधलाच टप्पा शंभर किलोमीटरहून जास्त. तेवढे दिवस कुत्र्याला कुठेतरी ठेवायची सोय आधीच करावी लागते.

आणि सोय नसेल तर? ऑगस्ट २०१२, कोलोराडोतला माउंट बिअरस्टाड, उंची ४,२०० मीटरच्या वर. एका जर्मन शेफर्ड कुत्रीचे तळवे खडकांवर फाटले, तिला चालवेना. हवा बिघडत होती, मालक तिला वरच सोडून उतरला. काही दिवसांनी दुसऱ्या ट्रेकर्सना ती जिवंत दिसली. मग आठ अनोळखी स्वयंसेवकांनी वर जाऊन तिला पाठपिशवीत घालून आळीपाळीने खाली आणलं. मालकावर प्राण्याशी क्रूरपणाचा खटला झाला.

इथे आपल्याला युधिष्ठिर आठवणारच. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, चारही भाऊ पडले, उरला तो मागे मागे आलेला कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला, पण कुत्र्याला जागा नाही म्हणाला. युधिष्ठिर म्हणाला, मग मीही येत नाही. ही गोष्ट आपण निष्ठेची म्हणून सांगतो. मला ती जास्त जबाबदारीची वाटते. त्याने कुत्र्याला बोलावलं नव्हतं, तरी सोबत आलेल्याला सोडलं नाही. आपण तर पट्टा बांधून नेतो.

सह्याद्रीत

हा एपिसोड करायला कारणही घडलंय. येत्या डिसेंबरात आम्ही चौघं रतनगड ते हरिश्चंद्रगड, कात्राबाई खिंडीतून, तीन दिवसांत करणार आहोत. माझी गुंडी सहा वर्षांची गावठी कुत्री आहे. रोज सकाळी माझ्याबरोबर टेकडी चढते आणि माझ्याआधी वर पोचते. ग्रुपवर मतदान झालं: तीन "आण", एक "बघ बाबा". तो एक म्हणजे मी.

मग मी अमुंडसेनसारखी यादी काढली. रतनगडाला लोखंडी शिड्या. तिथे गुंडीला उचलून न्यायचं तर एक हात तिला, एक शिडीला. सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, त्यामुळे पाळीव कुत्रा नेण्याआधी वन विभागाला विचारणं आलंच. रात्रीचा मुक्काम उघड्यावर, आणि अकोले-जुन्नर पट्ट्यात बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा. उलट बाजूही आहे. कुत्र्यांमुळे रानातल्या प्राण्यांना रोग लागू शकतात. २०१८ मध्ये गीरमधल्या मेलेल्या सिंहांत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा आजार कुत्र्यांतही आढळतो. शिवाय कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो. दुपारच्या कातळावर तिचं पाणी कोण वाहणार? चौघांनी आधीच पाठीवर चार-चार लिटर घेतलेलं असतं.

शेवटी स्वतःला एकच प्रश्न विचारला. कात्राबाईच्या खिंडीत तिचा पाय गेला, तर अठरा किलोची गुंडी पाठीवर घेऊन मी कुमशेतपर्यंत उतरेन का? आणि बाकी तिघं त्यांचा ट्रेक सोडून माझ्याबरोबर उतरतील का? पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं मला त्यांच्या वतीने देता येत नाही.

म्हणून गुंडी घरीच राहणार, आईजवळ. जानेवारीत फक्त तिच्यासाठी एक दिवसाचा, शिड्या नसलेला, अभयारण्याबाहेरचा गड करायचा ठरलाय. वेळ सकाळची, वेग तिचा.

तुम्ही नेणार असाल तर जरूर न्या, पण ती खिंड आधी घरी बसून मनात ओलांडा. आणि गडाच्या पायथ्याशी बिस्किटाच्या आशेने मागे लागणारा गावचा कुत्रा सोबत वर आला, तर उतरताना त्यालाही मोजा. आपण जितके वर गेलो तितकेच खाली यायला हवेत.

तुमच्या अशा वाटांचे अनुभव व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या वेळी त्यातले काही ऐकवतो. भेटूच!