जिंकलेले पैसे कोण देणार?



मागे पोळ्याच्या दिवसांत गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात त्याबद्दल काही लिहिलं होतं. ते वाचून नागपूरच्या भाच्याचा फोन आला. "मामा, हरलेल्याचं काय होतं ते सगळेच सांगतात. पण एखादा जिंकला आणि समोरच्यानं पैसे दिलेच नाहीत, तर तो कोर्टात जाऊ शकतो का?"

प्रश्न मार्मिक आहे. थोडक्यात उत्तर 'नाही' असं आहे. पण हे 'नाही' आपल्याकडे फार जुनं नाही. त्याच्या आधी कित्येक शतकं उत्तर वेगळं होतं.

याज्ञवल्क्यस्मृतीत द्यूताचं एक छोटं प्रकरण आहे. तिच्यावरची 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वरानं कल्याणीला, चालुक्यांच्या राजधानीत लिहिली, म्हणजे आपल्या मराठी मुलखाच्या शेजारीच. जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याला तिथे 'सभिक' म्हटलं आहे. मोठ्या डावावर त्यानं शेकडा पाच घ्यायचे, लहान डावावर शेकडा दहा. त्यातून राजाचा ठरलेला भाग राजाला द्यायचा, आणि हरलेल्याकडून वसूल करून जिंकलेल्याच्या हातात पैसे ठेवायचे. सभिकाला वसुली जमली नाही तर? तर राजानं ती करून द्यायची. अट एकच: अड्डा उघड असला पाहिजे, त्याला सभिक असला पाहिजे आणि राजाचा भाग पोचलेला असला पाहिजे. चोरून खेळलात तर राजा तुमचा कोणी नाही! खोटे फासे टाकणाऱ्याला डाग देऊन हद्दपार करायचं, हेही तिथेच आहे. कौटिल्यानं तर द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला होता. मनूला मात्र हे काही पटत नव्हतं. द्यूत म्हणजे उघड चोरी, राजानं ते राज्यात चालूच देऊ नये, असं त्याचं मत. गंमत अशी की आजचं आपलं सरकार बोलतं मनूसारखं आणि लॉटरीची तिकिटं विकताना वागतं याज्ञवल्क्यासारखं. असो.

हे सभिक कसे असत ते 'मृच्छकटिका'च्या दुसऱ्या अंकात दिसतं. देवलांच्या नाटकामुळे आपल्या पिढीला चारुदत्त आणि वसंतसेना ठाऊक आहेत, पण तो अंगमर्दन करणारा संवाहक फारसा कुणाला आठवत नाही. दहा सुवर्णमुद्रा हरलेला हा गडी पळून एका ओस देवळात शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. माथुर नावाचा सभिक आणि दुसरा जुगारी त्याला ओळखतात, पण बोलत नाहीत. त्याच्यासमोरच डाव मांडून बसतात. फाशांचा आवाज ऐकून मूर्तीला राहवत नाही! शेवटी ते पैसे वसंतसेना भरते.

आणि आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला चक्रधरांची गोष्ट सांगायला नकोच. गुजरातेत प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव म्हणून असताना द्यूतात हरले, देणं फेडायला पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले, तिनं नकार दिला, आणि मन संसारातून उठलं ते उठलंच. पुढे रिद्धपूरला, आपल्या अमरावती जिल्ह्यात, गोविंदप्रभूंची भेट झाली. एका जुगाराच्या देण्यापासून मराठी गद्याच्या पहिल्या ग्रंथापर्यंत वाट निघाली, असं मी वर्गात सांगत असे. मुलं हसायची. पण ते देणं त्या काळी 'देणं'च होतं, हे लक्षात घ्या.

आता इंग्रजी अमलाकडे येऊ. पाटण्याची अफू कंपनी सरकार कलकत्त्याला लिलावानं विकत असे. पुढच्या लिलावात सरासरी भाव काय निघेल, यावर मुंबईचे व्यापारी पैजा लावत. तारायंत्र अजून आलेलं नव्हतं, त्यामुळे कलकत्त्याची बातमी येईपर्यंत मुंबईत नुसती घालमेल. अशाच एका पैजेचे पैसे अडकले आणि रामलाल ठाकुरसीदास यांचा खटला थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. इंग्लंडात पार्लमेंटनं १८४५ सालीच पैजेचे करार रद्दबातल ठरवले होते, पण तो कायदा हिंदुस्थानला लागू नव्हता. म्हणून १८४८ साली निकाल लागला तो असा, की हिंदुस्थानात जुनाच इंग्रजी रिवाज चालतो आणि पैजेच्या पैशांसाठी दावा लावता येतो. म्हणजे जिंकणारा जिंकला! पण हे सुख फार टिकलं नाही. त्याच वर्षी सरकारनं १८४८ चा एकविसावा कायदा केला आणि इथेही पैजा निरर्थक झाल्या. पुढे १८७२ च्या करार कायद्यात तेच कलम ३० म्हणून आलं, आणि ते आजही आहे. पैजेचा करार रद्दबातल, जिंकलेल्या रकमेसाठी दावा नाही, निकाल लागेपर्यंत तिसऱ्याच्या हाती ठेवलेल्या रकमेसाठीही नाही. अपवाद फक्त घोड्यांच्या शर्यतीचा, पाचशे रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसासाठी जमवलेल्या वर्गणीचा. घोडे साहेबाचे होते ना!

या 'रद्दबातल' शब्दात एक मेख आहे. रद्दबातल म्हणजे बेकायदा नव्हे. त्यामुळे जुगारासाठी तुम्ही कुणाकडून कर्ज घेतलंत तर ते कर्ज मात्र खरं. मुंबई इलाख्यानं १८६५ सालीच वेगळा कायदा करून पैजेला चिकटलेले असे व्यवहारही रद्द ठरवले होते, पण आपलं वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात कुठे होतं? निजामानं १८५३ साली ते कंपनीच्या हवाली केलेलं, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेलं, मुंबई राज्यात आलं ते १९५६ साली. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ साली घेरुलाल पारख यांच्या खटल्यात हाच फरक उलगडून सांगितला. दोघा भागीदारांनी हापूडच्या व्यापाऱ्यांशी गव्हाच्या भावावर सट्टा केला, नुकसान आलं, एकानं सगळं भरलं आणि दुसऱ्याकडे निम्मे मागितले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी ठरवलं, की सट्टा निरर्थक असला तरी भागीदारी बेकायदा नाही, निम्मे द्या. मुंबईच्या कायद्याखाली असते तर निकाल वेगळा लागता.

हे सगळं आपल्या जिल्ह्याच्या अंगणात आलं ते कापसाबरोबर. मुंबईच्या कापूस बाजारात न्यूयॉर्कचे उघडते आणि बंद भाव येत, त्यांच्या शेवटच्या आकड्यांवर लोक पैसे लावत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथलेच. आपला शेतकरी जिनिंगच्या दारात चुकाऱ्यासाठी ताटकळत उभा, आणि त्याच कापसाच्या भावावर मुंबईत गिरणी कामगार आठ आणे लावतोय! न्यूयॉर्कचे आकडे १९६१ च्या सुमारास बंद झाले. मग १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीला मटका सुरू केला, १९६४ साली रतन खत्री यांनी आपला वेगळा काढला. मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याऐवजी पत्ते आले, नाव मात्र मटकाच राहिलं. खत्री लोकांसमोर पत्ते काढत असं सांगतात, आणि मला त्यातलं शहाणपण दिसतं. ज्या धंद्याला कोर्ट नाही त्याला भरवसा हेच भांडवल. एका आकड्याला नऊ पट मिळत. आकडे दहा, म्हणजे दहा रुपये गोळा करून नऊ वाटायचे, शेकडा दहा घरात. याज्ञवल्क्याचा लहान डावाचा दर, बघा!

आमच्या तालुक्याच्या गावी याला सट्टापट्टी म्हणत. १९८० च्या आसपासची गोष्ट असेल. आमच्या शाळेतल्या एका शिपायानं दहा रुपयांची जोडी लावली आणि ती लागली. नऊशे रुपये व्हायला हवे होते. पट्टी लिहिणारा पानठेलेवाला म्हणाला, तुझा आकडा वर पोचलाच नाही. खाईवाल म्हणाला, मला काही ठाऊक नाही. शिपाई माझ्याकडे आला, "सर, एक अर्ज लिहून द्या, ठाण्यात देतो." त्याच्या हातात ती चिठ्ठी होती, घामानं ओली झालेली. मी त्याला समजावलं, बाबा रे, १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानं ही चिठ्ठी पुरावा आहे, पण तुझ्या बाजूचा नाही, तुझ्या विरुद्धचा. तो बराच वेळ चिठ्ठीकडे बघत बसला.

पुढचं ऐका. गावात बातमी पसरली आणि त्या ठेल्यावर आठ-पंधरा दिवस कुणी आकडा लावेना. मग एके संध्याकाळी खाईवालानं माणसाकरवी पाचशे रुपये पाठवले. चारशे बुडाले ते बुडालेच. पण याच शिपायानं आकडे लावण्यासाठी एका सावकाराकडून दोनशे रुपये घेतलेले होते. ते त्यानं दर पगाराच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभं राहून व्याजासकट वसूल केले, एक पैसा सोडला नाही. त्याच्या बायकोनं त्या वर्षी दिवाळीला मुलांना कपडे घेतले नाहीत, हे मला वर्गातल्या पोरांकडून कळलं. जिंकलेलं बुडवता येतं आणि हरण्यासाठी घेतलेलं बुडवता येत नाही, या कायद्यातल्या फटीचा अर्थ मला पुस्तकातून नाही, त्या फाटकाशी कळला.

बाहेरच्या जगात काय चालतं? अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात कॅसिनोनं पाचशे डॉलर किंवा त्याहून जास्त जिंकलेली रक्कम नाकारली आणि तंटा मिटला नाही, तर सरकारी गेमिंग मंडळाला कळवावं लागतं आणि मंडळ चौकशी करतं. इंग्लंडनं २००५ चा कायदा करून जुगाराचे करार पुन्हा कोर्टात चालतील असं ठरवलं, तो भाग २००७ पासून लागू झाला. तरी फिल आयव्ही या नामांकित खेळाडूला लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोकडून ७७ लाख पौंड मिळाले नाहीत. पत्त्यांच्या पाठीवरच्या नक्षीतला बारीक फरक ओळखून तो खेळला होता. ही फसवणूकच, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली ठरवलं. माझं मत विचाराल तर पत्ते कॅसिनोचे, वाटणारी माणसं कॅसिनोची, पण त्यांना कसं वाटायला लावायचं हे यानं ठरवलं, तिथे तो चुकला.

आपल्याकडे गोव्यानं १९७६ चा जुगार कायदा १९९२ साली बदलून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आणली, मग १९९६ साली बोटींवर कॅसिनोला वाट दिली. महाराष्ट्रानंही १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही! २०२३ साली मंत्रिमंडळानं तो रद्द करायचा निर्णय घेतला.

त्याच २०२३ साली नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं पोलिसांत तक्रार दिली, की ऑनलाइन जुगाराच्या अॅपवर आपले ५८ कोटी रुपये गेले. डावच बनावट होता आणि पैसे परत मागितले तर मिळाले नाहीत, असं त्याचं म्हणणं. इथे पैजेचे पैसे मागायचा प्रश्नच नव्हता, तक्रार फसवणुकीची होती. कलम ३० जिंकलेल्याला कोर्टाच्या दारातून परत पाठवतं, पण लबाडी झाली असेल तर फौजदारी कायद्याचं दार उघडं राहतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. मोठमोठ्या कंपन्यांनी खेळ थांबवले आणि खात्यात शिल्लक असलेले पैसे काढून घ्या असं ग्राहकांना कळवलं. त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. आमच्या शिपायानं आकडा मोबाइलवर लावला असता, तर त्या कायद्यापुरता तरी तो न भिता ठाण्यात जाऊ शकला असता. नऊशे रुपये मात्र त्याला तेव्हाही मिळाले नसते.