तळटीप : शिबुयातील पारदर्शक स्वच्छतागृहे

शिबुया हा टोकियो महानगरातील एक स्वतंत्र प्रशासकीय प्रभाग असून, येथे उल्लेखिलेली स्वच्छतागृहे ‘द टोकियो टॉयलेट’ या उपक्रमात निप्पॉन फाउंडेशन या संस्थेने २०२० ते २०२३ या काळात १७ ठिकाणी उभारली. जपानमध्ये सार्वजनिक स्वच्छतागृहे मुबलक आणि बहुतांशी विनामूल्य असली, तरी उद्यानांतील जुनी स्वच्छतागृहे अंधारी, अस्वच्छ आणि असुरक्षित वाटत असल्याने अनेक जण ती टाळत; आत कोणी दडलेले तर नाही ना आणि जागा स्वच्छ आहे की नाही, हे बाहेरूनच कळावे, या हेतूने वास्तुविशारद शिगेरू बान यांनी दोन उद्यानांत रंगीत काचेच्या भिंती योजल्या. विद्युत्प्रवाह असेतो ही काच पारदर्शक राहते आणि आतून कडी लावताच प्रवाह खंडित होऊन ती अपारदर्शक बनते, त्यामुळे वीज गेली तरी आतील व्यक्तीचा आडोसा कायम राहतो. गाजावाजा या काचेचाच अधिक झाला. तथापि उपक्रमाचे खरे मोल नित्याच्या सफाईत आहे, आणि विम वेंडर्स यांनी ‘परफेक्ट डेज’ (२०२३) या चित्रपटाचा नायक याच स्वच्छतागृहांचा सफाई कामगार केला, हे सर्वथा उचित होय. या स्वच्छतागृहांतील बहुउपयोगी कक्ष म्हणजे चाकाची खुर्ची वळेल एवढी प्रशस्त खोली. तीत तान्ह्या मुलांचे लंगोट बदलण्याची फळी, तसेच शस्त्रक्रियेनंतर पोटावरील छिद्रातून मलविसर्जन करावे लागणाऱ्या रुग्णांसाठी पिशवी धुण्याचे वेगळे भांडे असते.