राजव्यवहारकोश व कारभाराचीं नांवें

शके १५९६ त (इ. स. १६७४) शिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला. त्याच सुमारास महाराजांच्या आज्ञेनें राजव्यवहारकोश सिद्ध झाला. फारशी शब्दांस संस्कृत पर्याय देणारी यादी, एवढीच त्याची योग्यता बहुधा मानिली जाते. आमच्या मतें ती याहून मोठी आहे. रघुनाथ पंडितांचें नांव जोडलेल्या या ग्रंथांत सुमारें १४०० शब्द दहा वर्गांत लाविले आहेत. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग इत्यादि. शब्द अकारविल्हे न घेतां विषयवार घेतल्यामुळें क्रमानें वाचणारास राज्याचा कारभारच उलगडत जातो.

हा भाषेचा पालट कितपत रुजला? राज्याभिषेकसमयीं पेशव्यास प्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव व डबिरास सुमंत हीं नांवें मिळालीं. पुढें बाजीराव बल्लाळांच्या शिक्क्यांतही ‘मुख्य प्रधान’ अशींच अक्षरें आलीं. परंतु लोकांच्या तोंडीं ‘पेशवे’ हाच शब्द राहिला. फडणीस, चिटणीस हीं तर आडनांवें होऊन बसलीं. शिक्का एका भाषेचा, व्यवहार दुसऱ्या भाषेचा, अशी ही स्थिति होय.

तेव्हां कागदांत फारशी हुद्दा आढळला एवढ्यावरून तो राज्याभिषेकापूर्वींचा ठरविणें धोक्याचें आहे. संग्राहकांस आमची विनंति कीं, अशा कोशांचीं सुटीं पानें सांपडल्यास वर्गांचा क्रम न मोडतां तीं जतन करावीं. कारण राज्याची घडण शब्दांइतकीच त्या क्रमांत आहे.