पील पार्क ते क्राउन ग्राउंड

इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांना अ‍ॅक्रिंग्टन हे गाव ठाऊक असते ते बहुधा जेनेट विंटर्सनमुळे. तिचे बालपण लँकेशायरमधल्या या गिरणीगावात गेले आणि १९८५ साली आलेल्या तिच्या 'ऑरेंजेस आर नॉट द ओन्ली फ्रूट' या कादंबरीमागे हेच गाव उभे आहे. नाटकाच्या वाचकांना पीटर व्हीलनचे 'द अ‍ॅक्रिंग्टन पाल्स' (१९८१) आठवेल. १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्या सकाळी, या गावातून व आसपासच्या वस्त्यांतून भरती झालेल्या पलटणीतील सुमारे सातशे जण सेअर गावाच्या रोखाने निघाले आणि अर्ध्या तासाच्या आत त्यांतील ५८४ जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले. पण इंग्लंडातल्या सर्वसामान्य माणसाला हे गाव विचारले, तर तो या दोहोंपैकी काहीच सांगणार नाही. तो 'स्टॅन्ली' म्हणेल, आणि बहुधा हसेल.

त्या हसण्याचा इतिहास आम्हांला मैदानांच्या आधाराने सांगावासा वाटतो. क्लब म्हणजे खेळाडू व त्यांचे सामने असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात क्लबाचे जगणे-मरणे पुष्कळदा माती, विटा, छप्पर आणि भाडेपट्टा यांवर ठरते.

प्रथम एक घोटाळा दूर करू. १८८८ साली जगातील पहिली फुटबॉल लीग बारा क्लबांनी स्थापन केली. त्यांत अ‍ॅक्रिंग्टन होते, पण ते 'स्टॅन्ली' नव्हे. तो जुना क्लब क्रिकेटच्या मैदानावर खेळे. १८९३ मध्ये तो लीगमधून बाहेर पडला आणि पुढे तीन वर्षांत संपला. स्टॅन्ली स्ट्रीट या रस्त्याच्या नावाचा दुसरा क्लब १८९१ चा. १९१९ मध्ये तो पील पार्क येथे आला आणि १९२१ साली तिसऱ्या विभागाच्या उत्तर शाखेत त्याला स्थान मिळाले.

कॉपिस नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेले पील पार्क हे काही देखणे मैदान नव्हते. तरीही १९५४ मध्ये शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्याला तेथे सतरा हजारांहून अधिक माणसे जमली. वॉल्टर गॅलब्रेथ या स्कॉटिश व्यवस्थापकाने १९५५ मध्ये अकराच्या अकरा स्कॉटलंडमध्ये जन्मलेले खेळाडू मैदानात उतरवले, तोही काळ हाच. गावाला वाटले असावे की आता वरचा विभाग दूर नाही. याच उमेदीत, १९५८ साली, क्लबाने एक स्टँड विकत घेतला. ऑल्डरशॉट येथील लष्करी कवायतींच्या प्रेक्षकांसाठी उभारलेला हा सांगाडा १४५० पौंडांना मिळाला. स्वस्तच म्हणायचा. मात्र तो दक्षिणेतून वाहून आणून पुन्हा उभा करण्याचा खर्च मूळ किमतीच्या कितीतरी पट झाला.

क्लबाच्या ऱ्हासाची हकिगत सांगणारे या स्टँडकडे बोट दाखवतात. आमच्या मते ते सोपे उत्तर आहे. त्या वर्षांत गावाच्या पायाखालची जमीनच सरकत होती. कापसाचा धंदा ओसरला होता. १९५९ च्या कायद्याने तर जुने चाते आणि माग मोडीत काढण्यासाठी सरकारी अनुदान दिले. १९६० साली बर्न्लीने लीग जिंकली आणि ब्लॅकबर्न चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचले. ही दोन्ही गावे बसच्या अंतरावर. त्याच वर्षी स्टॅन्ली चौथ्या विभागात घसरले. १९६१ मध्ये खेळाडूंच्या कमाल वेतनाची मर्यादा उठली. अशा वेळी आठवडाभर राबलेला गिरणीकामगार आपली शनिवारची दुपार कोठे घालवणार? (ज्यांनी नारायण सुर्वे यांची कविता किंवा जयंत पवारांचे 'अधांतर' वाचले आहे, त्यांना गिरणीबरोबर काय काय बंद पडते हे समजावून सांगायला नको.)

साठ हजार पौंडांच्या आसपास कर्ज साचले. मार्च १९६२ मध्ये, हंगाम अर्धवट असतानाच, क्लबाने लीगला राजीनाम्याचे पत्र पाठवले. लगेच मन बदलले. काही मदत मिळेल असे दिसू लागले होते. पण लीगचे सचिव अ‍ॅलन हार्डेकर यांनी पत्र परत घेऊ दिले नाही. त्या हंगामात खेळलेले सारे सामने नोंदींतून पुसून टाकण्यात आले. रिकामी जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली. स्टॅन्ली खालच्या स्पर्धेत रखडत राहिले आणि १९६६ मध्ये तेही थांबले. पील पार्कचे स्टँड गेले. ती जमीन आज शाळेच्या मुलांचे खेळण्याचे मैदान आहे.

१९६८ मध्ये बोल्ड स्ट्रीटवरच्या कामगार क्लबात सभा भरली आणि त्याच नावाचा नवा क्लब जन्माला आला. तो १९७० साली खेळू लागला तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, क्राउन ग्राउंडवर. जवळच्या क्राउन नावाच्या मद्यगृहावरून पडलेले हे नाव. पुढची अनेक वर्षे हौशी स्पर्धांत गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दुधाच्या एका दूरचित्रवाणी जाहिरातीत लिव्हरपूलच्या इयन रशचा दाखला देत एक मुलगा दुसऱ्याला बजावतो, की दूध प्याला नाहीस तर फार तर अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्लीकडून खेळशील. दुसऱ्याला तो क्लब माहीतही नसतो. सारा देश हसला तो तेव्हा.

२००६ मध्ये स्टॅन्ली लीगमध्ये परतले. त्याच हंगामात जे दोन क्लब लीगमधून खाली गेले, त्यांत एक ऑक्सफर्ड युनायटेड होते. असा योग एखाद्या कादंबरीकाराने जुळवला असता, तर आम्ही समीक्षकांनी त्याला कृत्रिमतेचा दोष दिला असता.

मैदान मात्र लहानच राहिले. प्रायोजकांप्रमाणे त्याची नावे बदलली. २०१५ पासून ते घरगुती प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या स्थानिक कंपनीच्या 'व्हॅम' या मुद्रेने ओळखले जाऊ लागले. सामावणारे प्रेक्षक साडेपाच हजारांच्या आत. क्लेटन बाजूच्या पायऱ्यांवर घरचे लोक छपराखाली उभे राहतात. समोरच्या, कॉपिसच्या नावाच्या पायऱ्या पाहुण्यांसाठी, आणि त्यांच्यावर छप्पर नाही. लँकेशायरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या व्यवस्थेतला खोडसाळपणा कळेल. २०१५ मध्ये अँडी होल्ट यांनी क्लब घेतल्यानंतर बैठकींची डागडुजी झाली, आणि २०१८ मध्ये जॉन कोलमन यांच्या संघाने चौथ्या स्तराचे विजेतेपद मिळवून, क्लबाच्या इतिहासात प्रथमच, नव्या रचनेतील तिसरा स्तर गाठला. तेथे पाच हंगाम टिकून २०२३ मध्ये ते पुन्हा खाली आले.